पटावर

झाडाचं नाव कचेरे.
कचेरी नव्हे, ती इथून चाळीस मैलांवर,
सरोवराच्या काठानं जाणाऱ्या रस्त्याच्या टोकाला.
तिथं वर्षातून एकदा भरती निघते
आणि भरती निघाल्याची बातमी
भरती उरकल्यावर इथं पोचते.

या झाडाखाली पहिलीचा वर्ग.
ट्रकच्या चाकाची रिंग वाजली
की एस्नार्त कलिलानी बाई हजेरी घेतात.
एकशे ब्याण्णव नावं.
शेवटच्या नावाशी येईतो
पहिल्या नावाला डुलकी लागलेली असते.

गनिझानी आज पाहणीला आलाय.
बा बे बी बो बू त्यानं इथंच घोकलं,
ज्या वर्षी फी माफ झाली
आणि पोरं अशी आली, बाई सांगतात,
की उसिपानं जाळं फाटावं.
वही पुरेना तेव्हा नावं
सिमेंटच्या पिशवीच्या कागदावर लिहिली.
पिशवीतलं सिमेंट कुठं गेलं, माहीत नाही.
वर्गखोली अजून नाही.

गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब,
प्रश्न ठरलेला:
गेल्या सात दिवसांत आपण किमान एक तास
मोबदला घेऊन काम केलं का?

झिओने हसते.
मंगळवारी होड्या आल्या, मासळी वाळत घातली,
मोबदला म्हणून मासळीच मिळाली,
वाटीभर, तीही ओली.
हे हो, की नाही?
गनिझानी ‘हो’ दाबतो.
वाटीभर ओल्या मासळीवर
देशाची बेकारी एका बाईनं घटते.

तिची अतुपेले पटावर आहे.
होड्या आल्या की नुसतीच पटावर असते.
बाई तिच्या नावापुढं फुली मारत नाहीत,
टिंब देतात.
टिंब म्हणजे, येईल.

सैदी तेवीस वर्षांचा,
शेवटच्या इयत्तेत तिसऱ्यांदा,
गणवेशाच्या बाह्या कोपरापर्यंत आलेल्या.
का रे, अजून?
“शाळेत नाव असलं की बेकार म्हणत नाहीत,
घरचे नाहीत, तुझं ते यंत्रही नाही.”
खरंच. ‘विद्यार्थी’ दाबलं
की पुढचे अकरा प्रश्न आपोआप गळून पडतात.

मालिसेनीनं तिसरीतच पाटी टाकली.
सायकलच्या कॅरियरवर माणसं वाहतो,
पावसाळ्यात पीठ आणि आजारी माणसंही.
त्याच्या घरावर पत्रा आहे.
बाईंच्या घरावर गवत.
पोरं हे बघतात.
बाईही बघतात,
आणि फळ्याकडे वळतात.

एकटी फानिझो नर्स झाली.
दर वर्षी पहिल्या दिवशी बाई तिचं नाव घेतात.
एकशे ब्याण्णव पोरं ऐकतात
आणि त्यातल्या प्रत्येकाला वाटतं
बाई आपल्याकडेच बघून बोलल्या.
हे खोटं आहे का?
गनिझानीच्या यादीत याला रकाना नाही.

ऊन झाडाच्या बुंध्याशी आलं.
बाई विचारतात, “आणि तुला कोण विचारतं?”
“शुक्रवारपर्यंत हो.
शनिवारी टॅब परत, ओळखपत्र परत.
मग मी त्यांचा नाही, तुमचाही नाही.”

बाई काही बोलत नाहीत.
पत्र्याच्या पेटीतून त्या जुना पट काढतात,
वाळवीनं कडा खाल्लेला,
आणि बोट फिरवत सत्त्याऐंशीव्या ओळीवर थांबतात.
हजर, हजर, हजर,
महिनाभर हजर, आणि एक कोरी चौकट.
“या दिवशी कुठं होतास?”

तो आठवत राहतो.
मग आठवतं: बाबांबरोबर, सरोवरावर.
होडीतलं पाणी उपसायला.
संध्याकाळी त्यांनी दोन क्वाचा दिले होते,
हातात, मोठ्या माणसाला द्यावेत तसे.

“म्हणजे कामाला होतास,” बाई म्हणतात,
आणि चष्मा वर सारून
पेन शोधू लागतात.